टोमॅटोच्या मुळांवर गाठी: पाल्याचा अर्क किती, कधी आणि कुठे घालायचा?

बांधावरचा_एरंड
२० गुंठ्यांचा तुकडा, जमीन हलकी ते मध्यम. भेंडी काढताना मुळं उपटली तर जवळजवळ प्रत्येक झाडाला गाठी. जून लागताच टोमॅटो लावायचा आहे, म्हणजे हातात पाच आठवडे. बेड चार फुटांवर, दोन रोपांत दीड फूट, इनलाइन ड्रिप, वर मल्चिंग. बांधावर एरंड, रुई, निरगुडी, घाणेरी भरपूर आहे. शिवाय ४० दिवसांचा दशपर्णी अर्क २०० लिटर तयार आहे.
प्रश्न असे: (१) कोणता पाला निमॅटोडवर (मुळात शिरून गाठी करणाऱ्या सूत्रकृमीवर) खरंच चालतो? (२) प्रमाण काय? (३) ड्रिपमधून सोडला तर चालेल का? (४) नुसत्या अर्कावर भागेल का? "अमुक बाटली टाका" एवढंच उत्तर नको, कारण समजून घ्यायचं आहे.

मूळगाठ
आधी गाठी निमॅटोडच्याच आहेत याची खात्री करा. भेंडीत शंका नाही, कारण भेंडीला रायझोबियमच्या गाठी येतच नाहीत. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं आधीचं पीक चवळी, भुईमूग, सोयाबीन असेल तर घोळ होतो. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, अंगठ्याने घासली की सुटते आणि फोडली की आत गुलाबी दिसते. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. मूळ बादलीत भिजवून धुवा आणि जाड गाठ ब्लेडने उभी चिरा. साध्या भिंगातूनही आत मोत्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, खसखशीच्या दाण्याहून लहान. त्या माद्या. गाठीच्या बाहेर तपकिरी डिंकासारखा थेंब दिसला तर तो अंडीपुंज, एकेकात काही शे अंडी.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, कारण अर्काचं गणित त्यावरच आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. ते मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यातून सरकत मुळाच्या टोकाशी येतं आणि आत शिरतं. अर्काचा मारा फक्त या प्रवासापुरता. मुळात शिरलेल्या मादीपर्यंत अर्क पोचत नाही आणि डिंकातली अंडीही बरीचशी वाचतात. म्हणून गाठी दिसल्यावर अर्क ओतून "गाठी जिरल्या" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. गाठ जिरत नाही. पाणी आणि नत्र मिळालं की वरच्या अंगाला नवीन पांढरी मुळी फुटते, आणि उपटून बघणाऱ्याला आधी तीच दिसते.

आता प्रमाण. प्रयोगशाळेत १०० ग्रॅम पाला १०० मिली पाण्यात वाटतात, त्या द्रावात किंवा ते दहापट पातळ करून पिल्लं सोडतात आणि २४ ते ४८ तासांत किती मेली ते मोजतात. एरंड, रुई, धोतरा, कडुनिंब, निरगुडी, घाणेरी, सगळ्यांचे आकडे छान येतात. मग शेतात का येत नाहीत? तुमच्याच तुकड्याचा हिशोब मांडू.

२० गुंठे म्हणजे सुमारे २,०२० चौरस मीटर. चार फुटी बेडमध्ये ड्रिपखाली भिजणारा पट्टा दीड फुटाचा धरला तर वरच्या १५ सेंटिमीटरची माती भरते साधारण ११२ घनमीटर. वाफशाला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, त्यात चौथा हिस्सा पाणी धरा, म्हणजे २८,००० लिटर. तुमचा २०० लिटर अर्क या पाण्यात मिसळला की १४० पट पातळ होतो. त्यातलं बरंचसं मातीचे कण आणि सेंद्रिय कर्ब धरून ठेवतात, उरलेलं जिवाणू काही दिवसांत खातात. मातीतल्या पाण्याची तीव्रता नुसती १० टक्के ठेवायची म्हटलं तरी २,८०० किलो पाला वाटावा लागेल, तोही १५ सेंटिमीटरसाठीच. टोमॅटोचं मूळ त्याच्या दुप्पट सहज जातं.

म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर: पाल्याच्या अर्काने वावर साफ होत नाही. रोपाच्या मुळाजवळची लिटरभर माती पहिले दोन-तीन आठवडे राखणं मात्र जमतं, आणि ते कमी नाही. कोवळ्या रोपात पिल्लं शिरली तर झाड खुजं राहतं. तीच पिल्लं महिन्यानंतर शिरली तर झाड बरंच सोसतं.

कुट्टीमशीन
वरचा हिशोब पटण्यासारखा आहे. म्हणून अर्क लावणीच्या खड्ड्यापुरता करा. ४ बाय १.५ फुटाने २० गुंठ्यांत ३,६०० च्या आसपास रोपं बसतात. रोपाला २०० मिली म्हणजे ७२५ लिटर. १० टक्क्यांनी ७३ किलो पाला. दोन माणसांचं एका दिवसाचं काम.

कृती: पाला पूर्ण वाढलेला पण हिरवा घ्या. पिवळा, करपलेला नको. एरंड आणि रुई मिळून दोन भाग, निरगुडी एक भाग. रुई तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हातमोजे घाला. कडबा कुट्टीतून दोनदा काढा आणि मग ओल्या ग्राइंडरला लावा किंवा उखळात कुटा. नुसते तुकडे पाण्यात टाकले तर पेशी फुटत नाहीत आणि निम्मा ऐवज चोथ्यातच राहतो. हा लगदा आधी तिप्पट पाण्यात, म्हणजे २० किलोला ६० लिटर, सावलीत रात्रभर ठेवा. सकाळी दुहेरी सुती कापडातून पिळून गाळा आणि पाणी घालून २०० लिटर करा. त्याच दिवशी संपवा. फेस यायला लागला, आंबूस वास सुटला की तो वेगळाच पदार्थ झाला असं समजा.

बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल, सामू (पीएच) ८ च्या वर, आणि मिश्रणात कडुनिंब असेल तर सायट्रिक ॲसिडने सामू ६ ते ६.५ वर आणा. कडुनिंबातलं मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, अल्कधर्मी पाण्यात लवकर तुटतं. उकळू मात्र नका. आणि कडुनिंबाच्या पाल्यावर फार भिस्त नको. ते द्रव्य पाल्यापेक्षा निंबोळीच्या गरात कितीतरी जास्त असतं. पाला फुकट आहे म्हणून पोतीभर तोडण्यापेक्षा ५ किलो निंबोळी पावडर १०० लिटरला भिजवलेली बरी.

आळवणी, म्हणजे मुळाच्या जागी अर्क ओतणं, लावणीच्या ३-४ दिवस आधी, खड्डा पाडून, वाफशावर. कोरड्या ढेकळात ओतलं तर भेगेतून खाली जातं, चिखलात ओतलं तर आणखी पातळ होतं. दुसरी आळवणी लावणीनंतर १०-१२ दिवसांनी, पण तीव्रता निम्मी म्हणजे ५ टक्के, आणि खोडापासून चार बोटं लांब. पहिल्या दिवशी दहा रोपांवर घालून दोन दिवस थांबा. पानं मलूल झाली किंवा कडा करपल्या तर आणखी पातळ करा. एरंड आणि घाणेरीचा दाट अर्क कोवळ्या मुळीला बाधतो.

चोथा उकिरड्यावर टाकू नका, पुढच्या पिकाच्या बेडमध्ये घाला. तो लावणीच्या आधी किमान १५ दिवस जायला हवा, म्हणून या टोमॅटोच्या बेडमध्ये नको. ताजा हिरवा पाला कुजताना अमोनिया सुटतो आणि त्यावर मर रोगाची बुरशीही माजते, त्यात रोप ठेवलं की मान टाकतं.

बांधावरचा_एरंड
हिशोब डोक्यात बसला. पण तयार दशपर्णीचं काय? तो ड्रिपने गेला तर मजुरी वाचेल.

डिस्क_फिल्टर
दशपर्णी हा फवारणीचा अर्क आहे. २०० लिटर पाण्यात ५ किलो कडुनिंब, बाकी पाले दोन-दोन किलो, शेण, गोमूत्र, मिरची, लसूण. सगळं धरून तुमच्या टाकीत २५ किलोच्या आत पाला आहे. तो २८,००० लिटरमध्ये सोडून काय हाती लागणार? पानावरच्या किडीसाठी ठेवा.

तरीही सोडणारच असाल तर ड्रिपचं ऐका. पाल्याच्या अर्कात टॅनिन असतं. पाण्यात लोह असेल तर दोघं मिळून काळपट-निळा गाळ धरतात आणि तो कापडातून गाळलेल्या अर्कातही नंतर तयार होतो, लॅटरलच्या (बेडवरच्या ड्रिप नळीच्या) आत. म्हणून आधी काचेच्या ग्लासात अर्क आणि बोअरचं पाणी एकास दहा मिसळून दोन तास ठेवा. तळाशी काळी साय बसली तर ड्रिपचा विचार सोडा. बसली नाही तर व्हेंच्युरी (अर्क ओढून पाण्यात सोडणारा जोड) फिल्टरच्या आधी जोडा, नंतर नाही. डिस्क १२० मेशची हवी. अर्क सोडण्याआधी जमीन भिजेपर्यंत साधं पाणी, मग अर्क, शेवटी २० मिनिटं साधं पाणी आणि लॅटरलची टोकं उघडून धुणं. शेणाचा अंश असलेला काढा रात्रभर नळीत राहिला तर सकाळी ड्रिपरच्या तोंडाशी बुळबुळीत शेवाळासारखा थर दिसतो. इनलाइनचा ड्रिपर एकदा असा बसला की बाहेरून टाचणीने उघडता येत नाही. तो तुकडा कापून जोडावा लागतो.

हळवी_जमीन
मूळगाठ, तुम्ही जरा जास्तच थंड पाणी ओतलंत. कुंडीतल्या प्रयोगांत पाल्याने गाठी खरंच कमी होतात, आणि ते मातीतले प्रयोग असतात, काचेच्या बशीतले नव्हेत. शिवाय आंबवलेला अर्क ताज्यापेक्षा चांगला चालतो हेही दिसतं.

मूळगाठ
कुंडीतले निकाल खरे आहेत, पण तिथे बहुधा अर्क नसतो, चिरलेला पाला मातीत मिसळलेला असतो. किलोभर मातीला १० ते २० ग्रॅम. पाला कुजताना द्रव्यं हळूहळू सुटत राहतात, अमोनिया सुटतो, आणि निमॅटोड खाणाऱ्या बुरशी-जिवाणूंनाही खाद्य मिळतं. अर्क एकदाच येतो आणि जातो. म्हणूनच रोपवाटिकेत पाला हे फार चांगलं हत्यार आहे: ३ बाय १ मीटरच्या वाफ्यात १५ सेंटिमीटरपर्यंत साधारण ५८० किलो माती, १ टक्क्याने ६ किलो पाला. कुणालाही जमेल. तेच २० गुंठ्यांच्या पट्ट्यांना दीड टन होतो.

आंबवलेल्याचं म्हणाल तर त्यात ब्युटिरिक, ॲसिटिकसारखी आम्लं तयार होतात आणि तीही पिल्लांना मारतात. म्हणजे श्रेय कुठल्या पाल्याला द्यायचं? बशीत आंबट ताक ओतलं तरी पिल्लं ताठ होतील. त्याच आम्लाने रोपाच्या मुळ्याही पोळतात.

बशीतल्या निकालात आणखी एक चकवा आहे. अर्कात पिल्लू सरळ काडीसारखं निपचित पडतं आणि ते "मेलं" म्हणून मोजलं जातं. त्याला गाळून स्वच्छ पाण्यात २४ तास ठेवा. बरीच पुन्हा वळवळतात. ती गुंगली होती. शेतात पहिला पाऊस किंवा पुढचं पाणी हेच काम करतं. कुणी अर्काचे आकडे दाखवले तर विचारा: धुऊन पुन्हा मोजलं होतं का?

हळवी_जमीन
धुऊन मोजण्याचा मुद्दा मान्य. पण मग मोहरी आणि झेंडूबद्दलही लिहा, कारण पुढचा प्रश्न तोच येणार.

मूळगाठ
मोहरीचं तत्त्व वेगळं आहे. पेशी फुटल्यावर ग्लुकोसिनोलेट आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट वायू सुटतो, मोहरी वाटताना नाकात जातो तोच. त्यामुळे ती बारीक कुटली पाहिजे, त्याच तासाला मातीत गेली पाहिजे, लगेच पाणी आणि वर प्लास्टिकचा कागद. सकाळी रोटर मारून दुपारी जेवण उरकून पाणी सोडलं तर ऐवज हवेत गेला. उकळली तर विकरच मेलं. आणि फुलोऱ्यापुढे उभी ठेवू नका. मोहरीच्या मुळांवर निमॅटोड स्वतःच वाढतात, म्हणजे औषध पेरून रोग कापणं. तुमच्या पाच आठवड्यांत, मेमध्ये, हे बसत नाही.

झेंडूचं द्रव्य, अल्फा टरथायनिल, मुख्यतः जिवंत मुळांत असतं. पानाफुलांचा अर्क काढण्यात फारसा अर्थ नाही. झेंडू दाट लावून दोन-तीन महिने उभा राहिला पाहिजे आणि मधलं काटेमाठ, कामोणी, घोळ उपटलं पाहिजे, कारण पिल्लांची सोय तिथे होते. बांधावर एक ओळ झेंडू ही शोभा झाली.

रोपवाटिका_७
अर्कावर इतकी चर्चा झाली, पण मे महिना आहे आणि पाच आठवडे आहेत, तर सर्वांत स्वस्त औषध डोक्यावर तळपतंय. बेड आत्ताच पाडा, ड्रिप अंथरा, जो मिळेल तो पाला (एरंड, गिरीपुष्प) बारीक करून बेडमध्ये मिसळा, भरपूर पाणी द्या आणि २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून कडा मातीत दाबा. काळा चालत नाही, तो स्वतः तापतो, माती कमी तापते. चार-पाच आठवडे हलवू नका. कागदाखाली पाला कुजून सुटणारे वायू कोंडले जातात, म्हणून पाला ३०० किलोच मिळाला तरी इथे त्याचा उपयोग उघड्या बेडपेक्षा जास्त होतो. वरचे १०-१५ सेंटिमीटर चांगले साफ होतात. खालचे निमॅटोड आणि कडेचे वाचतात. म्हणूनच बेड आधी पाडायचे. कागद काढल्यावर नांगर किंवा रोटर घातला तर खालची घाण वर येते आणि महिना फुकट जातो.

पावसाने गाठलं किंवा कागदाला भोकं पडली तर तापमान चढत नाही. भोकाला त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

कागद काढल्यावर रोपाला ३० ग्रॅमप्रमाणे निंबोळी पेंड खड्ड्यात, म्हणजे एकूण ११० किलोच्या आसपास. पेसिलोमायसिस, ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) आणि स्युडोमोनास (उपयोगी जिवाणू) प्रत्येकी २ किलो, एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत, ओलसर, १५ दिवस वाढवून तेच घाला. पेसिलोमायसिस ही बुरशी अंडी खाते, अर्काला जे जमत नाही ते. पण अर्काची आळवणी आणि हे खत एकत्र नको. लसूण किंवा निरगुडीचा अर्क बुरशी ओळखत नाही, मित्र असो वा शत्रू. मध्ये ८-१० दिवस जाऊ द्या.

रोपं प्रो-ट्रेमधली (कप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेमधली), कोकोपीटवरची म्हणजे नारळाच्या भुशावरची घ्या. मातीच्या वाफ्यावरची रोपं आणलीत तर निमॅटोड स्वतःच्या पैशाने विकत आणाल. दहा रोपांची मुळं धुऊन बघितल्याशिवाय गाडी भरू नका.

बांधावरचा_एरंड
म्हणजे क्रम असा: आता बेड, पाला, पाणी, पारदर्शक कागद. त्यासोबतच सावलीत शेणखताची मात्रा. जूनला कागद काढला की खड्ड्यात अर्क, चार दिवसांनी लावण, त्यानंतर जैविक खत. दुसरी आळवणी करायची की नाही? आणि निमॅटोडला दाद न देणारी टोमॅटोची जात लावली तर हे सगळं टळेल का?

रोपवाटिका_७
क्रम बरोबर. पेंड लावणीच्या खड्ड्यात, जैविक खत लावणीनंतर ८-१० दिवसांनी बुडाशी. मग दुसरी आळवणी गाळा, नाहीतर टाकलेली बुरशी स्वतःच धुऊन काढाल.

जातीचं: त्या टोमॅटोत जो एमआय जनुक असतो तो जमिनीचं तापमान २८ अंशांपुढे गेलं की ढिला पडतो. काळ्या मल्चिंगखाली जूनच्या सुरुवातीला ते सहज ओलांडतं. म्हणून मल्चिंगला चंदेरी-काळा कागद घ्या, चंदेरी बाजू वर. जात लावा, पण तिच्या भरवशावर बाकीचं सोडू नका.

मूळगाठ
दोन गोष्टी राहिल्या.

एक, धोतरा आणि कण्हेर कुणी सुचवतील. धोतऱ्याचा थेंब डोळ्यात गेला तर बाहुली मोठी होते आणि दिवसभर धूसर दिसतं. कण्हेरीचं विष हृदयावर जातं. घरच्या मिक्सरमध्ये तर अजिबात नको. पालक, मेथी, गाजर, मुळा यांच्या वाफ्यात हे दोन्ही नकोत. एरंड-रुईने काम होत असताना ही जोखीम घेण्यासारखं काही मिळत नाही. उलट्या दिशेने, "पूर्वी फोरेट (विषारी रासायनिक औषध) टाकायचो" म्हणणारेही भेटतील. ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे.

दोन, अर्क चालला की कागद चालला हे कळायला चार बेड मुद्दाम वेगळे ठेवा: एकावर फक्त कागद, एकावर फक्त अर्क, एकावर दोन्ही, एकावर काहीच नाही. निमॅटोड वावरात सारखे पसरलेले नसतात, ठिगळं असतात, म्हणून हे चारही बेड भेंडी जिथे जास्त खुजी होती तिथेच, शेजारी-शेजारी.

आत्ताच एक कुंडी चाचणीही लावून टाका. दहा-पंधरा ठिकाणची १५ ते ३० सेंटिमीटर खोलीची माती गोणपाटावर एकत्र करून पंधरा पिशव्या भरा. पाचांना साधं पाणी, पाचांना १० टक्के अर्क, पाचांत किलोला १० ग्रॅम चिरलेला पाला. १५ दिवसांनी प्रत्येकीत काकडीच्या दोन बिया. काकडीवर तीन-चार आठवड्यांत गाठी मोजण्याजोग्या होतात, टोमॅटोला ३५-४० दिवस लागतात. मोजताना रोप उपटू नका, बारीक मुळं गाठींसकट मातीतच राहतात. पिशवी फाडून गोळा बादलीत बुडवा. गाठी नाहीत तर ०, १-२ असतील तर १, ३ ते १० ला २, ११ ते ३० ला ३, १०० पर्यंत ४, त्यापुढे ५.

नेमका आकडा हवा असेल तर पाव किलो माती आणि ५-१० ग्रॅम मुळं प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हात न ठेवता, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या सूत्रकृमी विभागाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. माती वाळू देऊ नका, वाळलेल्या नमुन्यात पिल्लं कमी मोजली जातात. ग्रॅमला एक-दोन पिल्लं निघाली तरी टोमॅटोसाठी ती पुरेशी जास्त आहेत.

बांधावरचा_एरंड
ग्लासातली चाचणी केली. दोन तासांत तळाला काळी साय. दशपर्णी फवाऱ्यालाच ठेवतो, आळवणी पंपाची नोझल काढून दांड्याने करतो.

डिस्क_फिल्टर
दांड्याच्या तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधा, पंपाचा व्हॉल्व्ह चोथ्याने अडकतो. २०० मिलीसाठी किती सेकंद लागतात ते आधी तांब्यात मोजून घ्या.